कुसळाची करामत

दिवाळीच्या सुट्टीत माळावर किंवा एखाद्या किल्ल्यावर हिंडून घरी आलात, की पहिले काम असते ते कुसळे काढण्याचे. मोजे, विजारीचे काठ, ओढणीचे टोक, जेथे जागा मिळेल तेथे ती रुतून बसलेली असतात. ओढायला जावे तर निघत नाहीत. मोडतात, आणि टोक आतच राहते. डोळ्यातल्या कुसळाची म्हण ज्याने प्रथम केली तो माळावर पुष्कळ हिंडलेला असला पाहिजे! पुढच्या वेळी मात्र वैतागून ही कुसळे फेकून देऊ नका. दहाबारा कुसळे एका रिकाम्या काडेपेटीत ठेवा. आपल्याला त्यांचे काम आहे.

हे कुसळ बहुधा कुसळी गवताचे असते. शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कंटॉर्टस. 'कंटॉर्टस' म्हणजे पीळ पडलेला. काडेपेटीतले एक कुसळ भिंगाखाली धरा. खाली सुईसारखे अणकुचीदार टोक, त्यावर मागे वळलेले ताठ केस, त्याच्या वर टरफलात बसलेला दाणा, आणि दाण्याच्या वर सहा ते दहा सेंटीमीटर लांबीची काळपट काडी. या काडीला 'शूक' म्हणतात. शूकाचा खालचा भाग दोरीसारखा पिळलेला असतो आणि वरचा भाग कोपरासारखा एका बाजूला वाकलेला असतो.

आता प्रयोग. खोडरबरात टाचणीने भोक पाडून कुसळाचे टोक त्यात घट्ट रोवा, म्हणजे काडी उभी राहील आणि वाकलेला भाग घड्याळाच्या काट्यासारखा आडवा येईल. खाली कागदाची तबकडी ठेवून तिच्यावर अंशांच्या खुणा करा. कापसाच्या बोळ्याने पिळलेल्या भागावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि पाहत राहा. काटा फिरू लागेल! पीळ उलगडत जाईल. मग काडी उन्हात ठेवा. वाळताना काटा उलट दिशेने फिरेल. किती फेरे झाले आणि किती मिनिटे लागली ते वहीत लिहा. एकच कुसळ पुनःपुन्हा भिजवून आणि वाळवून पाहा.

येथे जिवंत असे काहीच काम करीत नसते, हे लक्षात घ्या. शूकाच्या पेशी केव्हाच मेलेल्या असतात. त्यांच्या भित्तींमध्ये सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू स्प्रिंगप्रमाणे तिरपे गुंडाळलेले असतात. ओलावा लागला की तंतूंची लांबी फारशी वाढत नाही, पण त्यांच्यामधला पदार्थ फुगतो, तंतू एकमेकांपासून दूर सरकतात आणि पीळ सैल होतो. वाळले की पुन्हा घट्ट. इंजिन आहे, पण इंधन नाही. हवेतल्या दमटपणाचा चढउतार हेच त्याचे इंधन. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक याने (होय, तोच, स्थितिस्थापकत्वाच्या नियमाचा!) रानटी ओटच्या अशाच कुसळाचा उपयोग हवेचा दमटपणा दाखवणारे उपकरण म्हणून सुचवला होता. १६६५ सालच्या त्याच्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. मी महाविद्यालयात भौतिकी शिकवतो. गवताच्या नादी लागलो तो या हूकमुळे.

पण गवताला आर्द्रतामापक कशाला हवा? ऑक्टोबर-नोव्हेंबरात दाणे गळतात तेव्हा पाऊस सरलेला असतो. रात्री दव पडते, दुपारी ऊन तापते. जमिनीवर पडलेले कुसळ रोज भिजते आणि रोज वाळते. वाकलेला भाग एखाद्या खड्यात किंवा काडीत अडकला, की तो फिरू शकत नाही, म्हणून खालचे टोक फिरते आणि मातीत घुसते. उलटे फिरताना ते बाहेर का येत नाही? मागे वळलेल्या केसांमुळे. सायकलचे फ्रीव्हील जसे एकाच दिशेने पकड घेते, तसे हे केस टोकाला खाली जाऊ देतात, वर येऊ देत नाहीत. बी स्वतःलाच पेरते. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस डार्विन याने १८७६ साली अशा कुसळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तुमच्या मोज्याला मात्र कुसळ माती समजते, आणि चरणाऱ्या मेंढीच्या कातडीलाही. म्हणून कुसळी गवत चाऱ्यासाठी कापायचे तर फुलोरा येण्याच्या सुमारास, कुसळे पक्की होण्यापूर्वी कापतात.

माळावर एकटी कुसळीच नसते. मग गवते ओळखायची कशी? सगळीच हिरवी, सगळ्यांचीच पाने लांबट. आधी ते गवत आहे ना, हे पाहा. खोड बोटांत धरून फिरवा. गवताचे खोड बहुधा गोल लागते, त्याला पेरे असतात आणि पाने दोनच ओळींत येतात. नागरमोथ्याचे खोड तीनधारी लागते, त्याला पेरे नसतात आणि पाने तीन ओळींत असतात. म्हणजे नागरमोथा गवत नव्हे. उलट ज्वारी, भात, ऊस, इतकेच काय बांबूसुद्धा गवतच आहे! नंतर पान पाहा. त्याचा खालचा भाग खोडाला नळीसारखा लपेटलेला असतो. ही नळी संपून पाते सुरू होते तेथे आतल्या बाजूस एक पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर दिसेल. ती जिव्हिका. ती प्रत्येक जातीची ठराविक असते, म्हणून ओळखीला फार उपयोगी पडते.

खरी ओळख मात्र फुलोऱ्यात असते. गवताच्या फुलोऱ्याचा घटक म्हणजे कणिशक. दोन तुषांच्या मध्ये एक किंवा अधिक बारीक फुले असतात, ती मिळून एक कणिशक. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१४ साली याच कणिशकांवरून गवतांचे दोन मोठे गट पाडले. एका गटात कणिशकात दोन फुले असून खालचे फूल अपुरे राहते. दुसऱ्या गटात अपुरेपणा वरच्या टोकाला असतो. एवढ्याशा फरकावर त्याने ओढलेली ही रेघ आज डीएनए तपासून केलेल्या वर्गीकरणातही बरीचशी टिकून आहे. आज तृणकुलाची बारा उपकुले मानतात. याच ब्राउनने १८२७ साली पाण्यातील सूक्ष्म कणांची थरथर पाहिली, तीच 'ब्राउनीय गती'. पाठ्यपुस्तकात आपण त्याला अर्धाच भेटतो.

आता माळावर चला. पेरांवर पांढऱ्या केसांचे कडे आणि शेंड्याला बोटांसारखी पसरलेली कणसे दिसली, तर तो मारवेल. जनावरे त्याच्यावर तुटून पडतात. एकच कणीस आणि कणिशकांवर ठळक शिरा दिसल्या, तर तो पवन्या. दाण्याला एकाऐवजी तीन कुसळे असली, तर ते ॲरिस्टिडा. दख्खनचा गवताळ भाग ज्या प्रकारात मोडतो, त्याला दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ सालच्या 'द ग्रास कव्हर ऑफ इंडिया' या ग्रंथात पवन्या आणि मारवेल यांच्याच शास्त्रीय नावांवरून नाव दिले आहे. जनावरांचा भार वाढला की चांगली गवते हटतात व कुसळी माजते. त्याहून अधिक चरले की ॲरिस्टिडा उरते. म्हणजे माळाची प्रकृती तुम्हाला कुसळे मोजून सांगता येते. एक मीटर चौरसाची दोरी टाकून आत कोणते गवत किती आहे ते मोजा. अशा दहा ठिकाणच्या नोंदी घेतल्यात तर शिक्षकांनाही उपयोगी पडतील.

ही मोजणी करण्याला आणखी एक कारण आहे. सरकारी दप्तरात पुष्कळसे माळ 'पडीक' म्हणून नोंदलेले असतात. दरवर्षी जूनमध्ये उत्साहाने अशा माळांवर खड्डे खणून झाडे लावली जातात. उजाड डोंगरावर झाडे अवश्य लावावीत. पण ज्या भागात वर्षाकाठी ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मातीचा थर वीतभर आहे, तेथील माळ उजाड नसतो. ते गवताचे जुने रान असते. काळवीट, लांडगा, माळढोक तेथेच राहतात. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. याची कारणे अनेक आहेत. पण माळरान नाहीसे होणे हे त्यांतले मोठे. खड्डा खणण्यापूर्वी तेथे काय उगवते आहे ते पाहायला अर्धा तास पुरतो.

गवत लावायचेच असेल तर माझी फजिती ऐका. पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरात कुसळीचे बी गोळा केले, लगेच दोन कुंड्यांत पेरले आणि रोज पाणी घातले. काही उगवले नाही. बी पोचट असेल असे समजून उरलेली पिशवी माळ्यावर टाकली. पुढच्या वर्षाच्या पावसाळ्यात ती सापडली, म्हणून पेरून पाहिली, तर कुंडी हिरवीगार झाली! ताज्या बियांना काही महिने सुप्तावस्था असते. नोव्हेंबरातच बी रुजले असते तर रोप उन्हाळ्यात करपले असते, हे मला नंतर उमगले. तेव्हा पक्व बी कोरड्या जागी कापडी पिशवीत ठेवा आणि पावसाच्या सुरुवातीला पेरा. पेरणी अगदी उथळ, सेंटीमीटरभराच्या आतच हवी. बी हलके असते, वाऱ्याने उडते. म्हणून ओलसर माती आणि शेण यांत कालवून लहान गोळ्या करून टाकतात. मारवेलचे मात्र ठोंब लावणे सोपे. जुना ठोंब फोडून मुळांसह दोन-तीन फुटवे घ्या, वरची पाने छाटा आणि हातभर अंतराने लावा. पहिले वर्ष जनावरे आत येऊ देऊ नका.

आणि शाळेच्या मैदानाच्या कडेला लावायचे असेल तर मारवेलच लावा. कुसळी लावलीत, तर खो-खोच्या संघाचे मोजे कोण निवडणार?