आधी पाणी, मग सरस

होळी आटोपली की माझ्या वर्कशॉपमधला फोन जास्त वाजायला लागतो. तक्रार बहुधा एकच असते: "गिटार हाताला टोचतेय." गिटारच्या मानेवरून हात वर-खाली सरकवला की फ्रेटची टोकं बोटांना खरचटतात. फ्रेट धातूचे असतात, ते होते तेवढेच राहिलेले असतात. ज्यात ते ठोकून बसवलेत ते शिसवाचं किंवा एबनीचं फ्रेटबोर्ड रुंदीला आकसलेलं असतं, म्हणून टोकं बाहेर डोकावतात. गिटार कोरडी पडल्याचा हा पहिला इशारा. या वेळी ती माझ्याकडे आली तर बहुतेकदा काही न कापता, काही न चिकटवता काम भागतं. इशारा दुर्लक्षिला गेला, की पुढच्या काही आठवड्यांत त्याच गिटारच्या टॉपवर, म्हणजे पुढच्या फळीवर, तारा अडकवलेल्या ब्रिजच्या मागून खालच्या कडेपर्यंत, लाकडाच्या रेषेला धरून एक भेग उतरते.

लोक विचारतात, "पडली नाही, आपटली नाही, कव्हरमध्येच होती, मग फुटली कशी?" हवेनं फुटली. गिटारच्या भेगांपैकी माझ्यासमोर येणाऱ्या बहुतांश भेगा धक्क्यानं नाही, हवेतल्या कोरडेपणानं पडलेल्या असतात.

झाड कापून शंभर वर्षं झाली तरी लाकूड हवेतलं पाणी घेत आणि सोडत राहतं. पावसाळ्यात घराची दारं फुगून चौकटीत अडकतात आणि दिवाळीनंतर आपोआप सैल होतात, तोच हा प्रकार. फक्त दार तीस मिलिमीटर जाड असतं आणि गिटारचा टॉप जेमतेम पावणेतीन. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या सकाळी हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी टक्क्यांच्या पुढे असते. मार्च-एप्रिलच्या दुपारी तीच पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरते. त्यात घरात एसी चालू असला तर कोरडेपणात आणखी भर. आपली मुलं शिकायला शिकागोला किंवा न्यू जर्सीला जाताना गिटार बरोबर नेतात. तिथे हिवाळ्यात हीटिंग लावलेल्या खोलीत आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर येते आणि मुंबईच्या दमट हवेत वाढलेली गिटार पहिल्याच थंडीत तडकते.

आता लाकडाचा मुख्य स्वभाव. ते लांबीला जवळजवळ अजिबात आकसत नाही, आकसतं ते रुंदीला. मोठ्या गिटारचा टॉप सर्वांत रुंद जागी सुमारे चाळीस सेंटिमीटर भरतो. स्प्रूस लाकडाच्या अशा टॉपमधला ओलावा १४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला तर त्याची रुंदी साधारण साडेचार मिलिमीटरनं कमी व्हायला बघते. टॉप सुटा असता तर तो खुशाल आकसला असता. पण त्याच्या आतल्या बाजूला ब्रेस, म्हणजे लाकडाच्या आधारपट्ट्या, चिकटवलेले असतात आणि चारी बाजूंनी कडा आवळलेल्या असतात. ब्रेसच्या रेषा टॉपच्या रेषांना आडव्या किंवा तिरप्या जातात. टॉप म्हणतो मला आखडायचंय, ब्रेस म्हणतो मी लांबीला तसूभर हलणार नाही. या ओढाताणीत दोन रेषांमधली सर्वांत कच्ची जागा सुटते. ती भेग.

याचा अर्थ, भेग पडणार की नाही हे अर्धंअधिक गिटार बनते त्याच दिवशी ठरतं. पावसाळ्यात, ऐंशी टक्के आर्द्रतेत, फुगलेल्या टॉपला कोणी ब्रेस चिकटवले असतील तर ती गिटार पुढच्या उन्हाळ्यात तडकणारच. म्हणून ब्रेस लावायचं काम मी बंद खोलीत, डीह्युमिडिफायर लावून, आर्द्रता बेचाळीस ते पंचेचाळीस टक्क्यांवर आल्यावरच करतो. थोड्या कोरड्या हवेत जोडलेली गिटार पावसाळ्यात फुगते, टॉप थोडा वर येतो, तारा उंच वाटतात. सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घासून किंवा ऋतू बदलेपर्यंत थांबून ते निभावून नेता येतं. दमट हवेत जोडलेली मात्र फाटते. दोन चुकांत फुगण्याची चूक परवडणारी.

लाकूड निवडतानाही हीच नजर लागते. टॉपची फळी वाढीच्या वलयांच्या रेषा पृष्ठभागाला काटकोनात राहतील अशी चिरलेली हवी, कारण आडव्या रेषांची फळी रुंदीला जवळपास दुप्पट आकसते. फळीच्या टोकांवर मी स्पिरिटचा बोळा फिरवतो. डोळ्याला न दिसणारी चीर असेल तर स्पिरिट तिथे जरा जास्त वेळ मुरून राहतं आणि काळी रेघ उमटते. तेवढा भाग कापून टाकायचा, कितीही जीव तुटला तरी. मग फळ्या मध्ये काड्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवायच्या. ब्रेसच्या खालच्या कडेला साधारण आठ मीटर त्रिज्येची कमान द्यायची. टॉपच्या मध्यावर तिची उंची जेमतेम अडीच मिलिमीटर भरते. लोकांना वाटतं हे नुसतं आवाजासाठी. पण टॉप कोरडा पडला की तो आधी या कमानीतून सपाट होतो, लगेच फाटत नाही. तेवढी उसंत मिळते.

पाठीला आणि बाजूंना शिसव वापरतात, आणि इथे आपला संबंध फार जवळचा आहे. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं १९६९च्या सुमारास ब्राझीलच्या रोझवुडऐवजी भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली. ब्राझीलच्या लाकडावर पुढे १९९२ मध्ये जवळपास पूर्ण आंतरराष्ट्रीय बंदी आली. मार्टिनच्या त्या बदलापासून दक्षिणेतल्या आणि सह्याद्रीतल्या जंगलांचा शिसव जगभरच्या गिटारांच्या पाठीवर आहे. २०१७ मध्ये त्याच्याही व्यापारावर कागदपत्रांची बंधनं आली. तयार वाद्यांना त्यातून २०१९च्या नोव्हेंबरात सूट मिळाली. स्प्रूसच्या मानानं शिसव कमी आकसतो, पण तो कडक आहे, आणि पाठीचे ब्रेस या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात. म्हणून पाठीच्या मधल्या सांध्यावर आतून स्प्रूसची आडव्या रेषांची पट्टी चिकटवलीच पाहिजे. वाढायला पिढ्या घेणाऱ्या झाडाची फळी आपल्या आळसापायी फुटू द्यायची, हे मला पटत नाही.

दुरुस्तीकडे वळतो. भेग दिसली की लोकांचा हात पहिला गोंदाकडे जातो. झटपट चिकटणारा गोंद ओततात, नाहीतर लाकडाचा भुसा आणि फर्निचरचा पांढरा गोंद कालवून लांबी भरतात. उन्हाळ्यात ते टिकतं. जुलैत टॉप फुगतो, भेगेच्या कडा परत एकमेकींकडे यायला बघतात, मध्ये ते भरलेलं दगडासारखं बसलेलं असतं. मग शेजारी दुसरी भेग पडते. अशा गिटारमधून जुना गोंद काढण्यात जेवढा वेळ जातो तेवढा मूळ दुरुस्तीला लागत नाही, आणि गोंदानं माखलेल्या कडांवर नवा गोंद धरतही नाही.

म्हणून आधी पाणी. तारा सैल करायच्या. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून पिळलेला स्पंज ठेवायचा, पाण्याचा थेंब गळता कामा नये. डबी गिटारच्या पोटात, गिटार केसमध्ये, केस बंद. रोज खोलीत अंधार करून मी पोटात छोटा एलईडी दिवा सोडतो. भेगेतून उजेडाची रेघ दिसते. दिवसागणिक ती रोडावते, दोन्ही टोकांकडून तुटत जाते. एका गिटारची भेग मालकाच्या बारावीच्या अभ्यासापायी वर्षभर कपाटावर पडून राहिल्यानं उघडली होती, पोस्टकार्ड आत जाईल एवढी. आठवडा उलटल्यावर तिचा उजेड पूर्ण बंद झाला. त्या क्षणी निम्मं काम झालेलं असतं.

मग सरस. जनावरांच्या कातड्यापासून केलेला, आपल्या जुन्या सुतारांकडे असायचा तोच, साठ अंश सेल्सिअसच्या आसपास गरम केलेला. भेगेच्या आजूबाजूचं लाकूड हेअर ड्रायरनं कोमट करून घ्यायचं, नाहीतर सरस आत जायच्या आधीच थिजतो. एक हात साउंडहोलमधून आत घालून भेग खालून हलकेच दाबायची, वरून सरस लावत राहायचं. दाब सोडला की भेग सरस ओढून घेते. आतल्या बोटाला ओलसर चिकट लागलं की पोचला. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं वरचा पुसायचा, दोन्ही कडा एका पातळीत आहेत का ते नखानं चाचपायचं, आणि आतून-बाहेरून लोहचुंबक लावून रात्रभर सोडून द्यायचं. सरसावर माझा भर आहे तो त्याच्या एका गुणासाठी: पन्नास वर्षांनी कोणी कारागीर ही गिटार उघडेल तेव्हा ऊब आणि ओल देऊन तो सांधा सोडवू शकेल, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरेल.

दुसऱ्या दिवशी आतून ठिगळं, म्हणजे क्लीट. उरलेल्या स्प्रूसचे बारा मिलिमीटरचे, दीड मिलिमीटर जाडीचे चौकोनी तुकडे, चार-पाच सेंटिमीटरच्या अंतरावर. त्यांच्या रेषा भेगेला आडव्या ठेवायच्या, कडा पटाशीनं तासून पातळ करायच्या, म्हणजे ताण कडेवर साचत नाही. एकच लांब, रुंद पट्टी आडवी ठोकून द्यावी असा मोह होतो. ती पट्टी म्हणजे नवा ब्रेस, आणि ब्रेसनं काय होतं ते वर सांगितलंच. पाणी देऊनही भेग मिटलीच नाही तर मात्र तिथे जुन्या स्प्रूसची बारीक पाचर, रेषा जुळवून, बसवावी लागते. वरून एक रेघ दिसत राहते. ती लपवण्यासाठी सगळा टॉप घासून पॉलिश उतरवणं मी करत नाही. पातळ टॉप आणखी पातळ होतो आणि गिटारचं नुकसान भेगेपेक्षा मोठं होतं.

नीट मिटवलेली भेग आवाज बिघडवत नाही. जुन्या, नावाजलेल्या गिटारांच्या टॉपवर अशा मिटलेल्या भेगा सर्रास सापडतात आणि त्या गिटारी रोज वाजतात.

तुमची गिटार प्लायवूडच्या टॉपची असेल तर ही काळजी बरीच कमी. साउंडहोलच्या कडेला थर दिसतात का ते बघा. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरलेल्या दिसल्या तर टॉप सॉलिड आहे. अशी गिटार घेतली असेल तर त्याच दिवशी एक डिजिटल हायग्रोमीटर घ्या. तो खरं बोलतोय का हे घरीच तपासता येतं: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर ओलं होईल इतकंच पाणी, आणि हायग्रोमीटर शेजारी ठेवून हवाबंद पिशवी. सहा-आठ तासांनी आकडा ७५ टक्क्यांवर यायला हवा. जेवढा फरक येईल तेवढा लक्षात ठेवायचा. गिटार भिंतीवर टांगू नका, केसमध्ये ठेवा, आणि केसमधली आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांत राहील असं बघा. उन्हात उभ्या गाडीत ती कधीही सोडू नका. आणि भेग पडलीच तर तारा सैल करा, ओला स्पंज डबीत घालून केस बंद करा, आणि गोंदाची बाटली न उघडता गिटार कारागिराकडे न्या.