जुन्या सॅकचा रंग उतरवताना

आजचा विषय तसा साधा आहे. घरात पडलेली जुनी सॅक ब्लीच करून तिला नवं रूप कसं द्यायचं, एवढंच. पण त्याआधी मला एक चूक दुरुस्त करायची आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

कापडी पिशव्यांचा रंग काढण्यावर मी पूर्वी एक भाग केला होता. त्यात शेवटी मी सांगितलं होतं, की ब्लीचचा परिणाम थांबवायला पाण्यात थोडं व्हिनेगर घाला. तो भाग आता मी काढून टाकला आहे. पण ज्यांनी आधीच पाहिला किंवा वहीत लिहून घेतला, त्यांच्यापर्यंत काढून टाकल्याची बातमी कशी पोचणार? म्हणून स्पष्ट सांगते. ते चूक होतं, आणि धोक्याचं होतं.

त्या वेळी मी ते गच्चीवर केलं होतं, वारा होता, ब्लीच अगदी पातळ होतं, म्हणून काही कळलं नाही. दुसऱ्या वेळी पावसाचे दिवस होते. मी घरातल्या बाथरूममध्ये, दार लावून, टबात उरलेल्या ब्लीचच्या पाण्यातच व्हिनेगर ओतलं. दोन मिनिटांत डोळ्यांतून पाणी, घशाला आग आणि असा ठसका की बोलता येईना. मी बाहेर पळाले, पण दार उघडलं तसा वास शेजारच्या खोलीत गेला. तिथे माझ्या सासूबाई झोपल्या होत्या. त्यांना दम्याचा जुना त्रास. ती रात्र त्यांनी दवाखान्यात ऑक्सिजनवर काढली. आता त्या बऱ्या आहेत, हा भाग मी रेकॉर्ड करते आहे तेव्हा आत बसून मटार सोलताहेत. पण ती रात्र मी विसरणार नाही.

झालं काय, ते समजून घ्या. दुकानात कपड्यांसाठी जे द्रवरूप ब्लीच मिळतं, ते म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, साधारण 4 ते 5 टक्क्यांचं. हे द्रावण मुद्दाम अल्कलीयुक्त ठेवलेलं असतं, म्हणून ते बाटलीत शांत राहतं. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. मग ते आम्ल व्हिनेगर असो, लिंबू असो, की संडास साफ करायचं द्रावण. त्यातलं शेवटचं सर्वांत वाईट, कारण त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला होता तो हाच वायू. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड असतो, त्यामुळे तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. आपल्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये तो कुठे जाणार? अमोनियाही ब्लीचमध्ये मिसळायचा नाही, त्यातूनही विषारी वायू निघतात. असा वास आलाच तर टब उचलायच्या, पाणी ओतायच्या भानगडीत पडू नका. सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत जा. डोळे चुरचुरत असतील तर भरपूर पाण्याने धुवा. श्वास जड वाटला तर डॉक्टर गाठा, आणि लगेच बरं वाटलं तरी काही तास लक्ष ठेवा, कारण फुप्फुसांवरचा परिणाम कधी कधी उशिरा दिसतो.

बरं. आता सॅककडे येऊ.

माझ्या समोर आहे ती माझ्या धाकट्या भावाची काळी कॅनव्हासची सॅक. एनसीसीच्या कॅम्पला जाताना आबांनी त्याला घेऊन दिली होती. वीसेक वर्षं माळ्यावर होती. काळा रंग जागोजागी विटून राखाडी झालेला, पण कापड दणकट. माझी लेक यंदा शिकायला नागपूरला निघाली आहे, आणि तिला नवीन सॅक नको, मामाचीच हवी. फक्त "अशी मळकी नको" म्हणाली.

पहिला प्रश्न: सॅक कशाची आहे? बाजारातल्या बहुतेक सॅक पॉलिएस्टर नाहीतर नायलॉनच्या असतात, आणि त्यांना ब्लीच करण्यात अर्थ नाही. पॉलिएस्टरचा रंग धाग्याच्या आत बसलेला असतो, तो ब्लीचला फारशी दाद देत नाही. नायलॉन पिवळं पडतं आणि कमजोर होतं. आतून रबरासारखा लेप असेल तर तो सुटून खपल्या पडतात. ब्लीच करायचं ते सुती कॅनव्हासला. ओळखायचं कसं? आतल्या शिवणीतून दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागदासारखाच वास येतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा वितळतो, आक्रसतो आणि कडक मणी होतो. मण्याला लगेच बोट लावू नका, चटका बसतो.

दुसरा प्रश्न रंगाचा. रंगाच्या रेणूत बंधांची एक साखळी असते, ती प्रकाशाचा काही भाग शोषते म्हणून आपल्याला रंग दिसतो. हायपोक्लोराइट ती साखळी तोडतं. रंग धुऊन जात नाही, जागच्या जागी मोडतो. पण सगळ्या साखळ्या सारख्या तुटत नाहीत. सुती काळ्या कापडाला बऱ्याचदा सल्फर ब्लॅक रंग दिलेला असतो, तो ब्लीचमध्ये काळ्याचा तपकिरी, मग तांबूस, मग बिस्किटी होत जातो. पांढरा होईल ही आशा ठेवू नका. व्हॅट रंगांनी रंगवलेलं कापड मात्र ढिम्म हलत नाही, ते पक्के म्हणूनच वापरतात. तेव्हा आधी आतल्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने ब्लीचचा एक ठिपका द्या आणि दहा मिनिटं थांबा. ठिपका बदलला नाही तर सॅक बदलणार नाही. मग तिला कापडाचा रंग लावा, ब्लीच वाया घालवू नका.

ब्लीच विकत घेताना बाटलीवरची तारीख बघा. ऊन आणि उष्णतेने हायपोक्लोराइट आपोआप कमजोर होत जातं. आमच्या बडोद्याच्या उन्हाळ्यात दुकानाबाहेर मांडलेली जुनी बाटली म्हणजे जवळजवळ खारं पाणीच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा भाग दोन दिवस पुढे ढकलला, ती सांगते. सॅकच्या झाकणाच्या आत एक पांढरी कापडी पट्टी शिवलेली होती. तिच्यावर आबांच्या अक्षरात भावाचं नाव आणि आमचा दांडिया बाजारचा पत्ता, बॉलपेनने. आबा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या हातचं लिहिलेलं आमच्याकडे फार काही नाही. परीट बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करायचे, त्या किती धुतल्या तरी जात नसत, आणि काजळीच्या काळ्या शाईलाही ब्लीच काही करत नाही. पण बॉलपेनच्या शाईतले रंग ब्लीचपुढे टिकत नाहीत. मी टब भरायला घेतला होता. लेकीने झाकण उलटून पाहिलं आणि म्हणाली, "आई, हे आजोबांनी लिहिलंय ना?" मी वीस वर्षं ती सॅक माळ्यावर सरकवत आले, पण आत काय आहे ते पाहिलं नव्हतं. पट्टी ब्लेडने टाका टाका उसवून काढली. तेव्हा मंडळी, टब भरण्याआधी प्रत्येक खिसा, प्रत्येक झाकण उलटून बघा.

कडे आणि बकल सुटत असतील तर तेही काढा. धातू ब्लीचमध्ये गंजतो आणि त्याचे डाग कापडावर उतरतात. चेन काढता येत नाही, म्हणून तिला आधी मेण घासून ठेवलं आणि नंतर भरपूर धुतलं. पट्टे मी बुडवलेच नाहीत. ब्लीच रंगाबरोबर सुताचा धागाही थोडा खातं, आणि सगळं ओझं पट्ट्यांवर असतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, रबर लावून, टबाबाहेर लटकवले. सॅक तांबूस आणि पट्टे काळे, हे दिसतंही छान.

बाकी कृती सोपी. जागा गच्ची किंवा उघडी बाल्कनी. रबरी हातमोजे, जुने कपडे, डोळ्यांना चष्मा. टब प्लॅस्टिकचा, लोखंडी घमेलं नको. सॅक आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवा, कोरड्या कापडावर ब्लीच धब्ब्याधब्ब्यांनी बसतं. 5 लिटर थंड पाण्यात 1 लिटर ब्लीच. गरम पाणी घेऊ नका, काम पटकन होतं पण कापड मरतं. सॅक बुडवा, काठीने सतत हलवत राहा, घड्या पडू देऊ नका. दर पाच मिनिटांनी उचलून बघा. ओलं कापड गडद दिसतं, वाळल्यावर ते आणखी उजळ होतं, म्हणून हवा तो रंग येण्याच्या थोडं आधीच बाहेर काढा. माझी सॅक अठरा मिनिटांत गंजाच्या रंगाला आली. अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ नका. तोवर जे झालं नाही ते कापडाचा जीव घेऊनच होईल. नक्षी हवी असेल तर ब्रशने ब्लीच लावा. फवारा मारू नका, ते तुषार नाकात जातात.

मग साध्या पाण्याने तीन-चारदा खळबळून घ्या. पण नुसतं पाणी पुरत नाही. जाड कॅनव्हासच्या शिवणीत ब्लीच दडून बसतं आणि आठवडाभर कापड कुरतडत राहतं. इथेच मी पूर्वी व्हिनेगर सांगितलं होतं. खरं औषध आहे सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटोस्टुडिओवाल्यांना ते 'हायपो' म्हणून माहीत, आणि माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात पाण्यातला क्लोरीन काढायला मिळतं. 1 लिटर पाण्याला एक लहान चमचा, पंधरा मिनिटं सॅक बुडवून ठेवा. ते मिळालं नाही तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड भरपूर पाण्यात घालून चालतं. बुडबुडे येतात, तो ऑक्सिजन असतो. त्यानंतर साबणाने धुवा आणि उलटी टांगून वाळवा.

वाळल्यावर एक गंमत दिसली. सॅक तांबूस झाली, पण शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा, तो काळाच राहिला. प्रत्येक खिशाभोवती पेन्सिलीने रेघ मारल्यासारखी दिसते. तळाला एका जागी कापड विरल्यासारखं वाटलं. नखाने ओढून पाहिलं, फाटलं नाही, तरी आतून जुन्या जीन्सचा तुकडा लावून घेतला. पुस्तकांचं वजन तिथेच येतं.

आबांची पट्टी पुन्हा जागेवर शिवायचं काम लेकीने स्वतः केलं. टाके वाकडे आहेत. भावाच्या नावाखाली तिने बॉलपेननेच आपलं नाव लिहिलं आहे, आणि पत्ता तसाच ठेवला आहे.