जुन्या पिस्तुलाची पारख : स्थिती आणि अस्सलपणा

मराठवाड्यातील जुन्या घरांतून तलवारी व कट्यारी यांच्या जोडीने कधी कधी एखादे पिस्तूलही बाहेर येते. त्याबरोबर बहुधा एक हकीकतही येते : हे असईच्या रणातले, हे सत्तावन सालचे, हे क्रांतिकारकांपैकी एकाचे. हकीकत खोटी असतेच असे नाही. परंतु ती वस्तूवर लिहिलेली नसते. वस्तूवर जे लिहिलेले असते ते निराळे असून ते वाचण्याची रीतही निराळी आहे. या वाचनात दोन प्रश्नांची गल्लत सर्रास होते. पिस्तूल आज कोणत्या अवस्थेत आहे, हा स्थितीचा प्रश्न. त्याचे भाग, अंक व झिलई घडणीच्या वेळचीच आहेत काय, हा अस्सलपणाचा प्रश्न. गंजलेले पिस्तूल पूर्णपणे अस्सल असू शकते आणि आरशासारखे चकाकणारे पिस्तूल निम्मे नकली असू शकते. किंबहुना अति चकाकणाऱ्या पिस्तुलाविषयी आधी संशय घेणे बरे.

परीक्षणापूर्वी शस्त्र रिकामे आहे याची खात्री करणे अगत्याचे आहे. ठासणीच्या पिस्तुलात शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा बार तसाच राहिलेला असू शकतो आणि काळी दारू कोरडी असल्यास आपला गुण सोडत नाही. नळीत लाकडी काठी तळापर्यंत सारावी, तोंडाशी खूण करावी आणि तीच लांबी नळीच्या बाहेरून मोजून पाहावी. काठी कान्याच्या छिद्रापर्यंत पोचत नसेल, तर आत काही तरी आहे असे समजून काम तेथेच थांबवावे.

असईचे उदाहरण घेऊ. आजच्या जालना जिल्ह्यातील या गावी 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांच्यात लढाई झाली. त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारांच्या कळेवर हृदयाच्या आकृतीत कंपनीची आद्याक्षरे असलेला शिक्का असे. 1808 पासून त्याच्या जागी उभ्या सिंहाचा शिक्का आला. सबब, सिंहाचा शिक्का असलेले आणि कळ न बदललेले चकमकी पिस्तूल असईच्या रणात पडलेले असणे शक्य नाही. उलट, हृदयाचा शिक्का सापडला म्हणून ते असईचे ठरते, असेही नाही; ते असईचे असू शकते एवढेच ठरते. वस्तू हकीकत खोडून काढू शकते. एकटी वस्तू ती सिद्ध करू शकत नाही. या साऱ्या पारखीचे मर्म हेच होय.

एकोणिसाव्या शतकात चकमकीची जागा केपाने घेतली, तेव्हा असंख्य जुनी हत्यारे टाकून न देता केपाची करून घेण्यात आली. रंजकदाणी काढल्यावर कळेच्या पट्टीवर उरलेली, बुजविलेली भोके या बदलाची साक्ष देतात. हा बदल त्या हत्याराच्या आयुष्याचाच एक भाग असल्यामुळे त्याला दोष म्हणता येत नाही. परंतु चकमकी पिस्तुलाला अधिक किंमत येते म्हणून काही विक्रेते केपाचे पिस्तूल पुन्हा चकमकीचे करतात. तेथे मात्र नवी रंजकदाणी, नवा घोडा आणि जुनी झिजलेली पट्टी यांचा मेळ बसत नाही. खऱ्या चकमकी कळेत कान्याभोवतीचा लोखंडी पृष्ठभाग दारूच्या जाळाने खाल्लेला असतो. तो गुळगुळीत आढळला तर शंका घेण्यास जागा आहे.

विसाव्या शतकाकडे वळताच छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेचा, संबंध अधिक जवळचा होतो. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिक येथे विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घालणारा तरुण अनंत लक्ष्मण कान्हेरे हा औरंगाबादेत शिकत होता. कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांच्यासह 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आली. या कटातील शस्त्रे ब्राउनिंग पिस्तुले होती. 1918 च्या रौलट समितीच्या अहवालानुसार विनायक दामोदर सावरकर यांनी अशी वीस पिस्तुले मिळवून चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरतळातून 1909 च्या आरंभी मुंबईस पाठविली. एखादे ब्राउनिंग 'त्या विसांपैकी' म्हणून समोर आले तर ते कसे पाहावे?

पहिली चाळणी काळाची. ही पिस्तुले 1909 च्या आरंभी युरोपातून निघाली. तेव्हा 1910 या वर्षाच्या नावाने ओळखला जाणारा किंवा त्यानंतरचा नमुना आपोआप बाद होतो. बेल्जममधील लिएजजवळच्या हर्स्टाल येथील कारखान्याचा 1900 चा नमुना मात्र काळात बसतो. त्यात 7.65 मिलिमीटरची सात काडतुसे मुठीतील खणात बसतात. मागे ढकलला गेलेला भाग पुन्हा पुढे आणणारी स्प्रिंग नळीच्या खाली नसून वर असते, ही त्याची ठळक खूण. मुठीच्या कठीण रबरी पट्ट्यांवर कारखान्याची अक्षरे व पिस्तुलाचीच छोटी आकृती असते.

दुसरी चाळणी शिक्क्यांची. लिएजच्या सरकारी चाचणीगृहाचा मुकुटयुक्त लंबगोल शिक्का नळीवर असला पाहिजे. या चाचणीगृहाने 1922 पासून वर्षदर्शक अक्षर ठोकण्यास प्रारंभ केला; तेव्हा तसे अक्षर असलेले पिस्तूल 1909 च्या हकीकतीत बसणे कठीण. या नमुन्याच्या नकला चीनमध्ये पुष्कळ झाल्या आणि वायव्य सरहद्दीवरील दरा आदमखेल येथील कारागीरही हाती येईल त्या पिस्तुलाची नक्कल करीत. नक्कल करणाऱ्याला यंत्र कळते, लिपी कळत नाही. त्यामुळे अक्षरे उलटी पडतात, शब्दांतील वर्ण गळतात, आणि सुरक्षाकळेजवळील 'आग' व 'सुरक्षित' या अर्थांच्या फ्रेंच शब्दांची मोडतोड होते. पिस्तूल नीट चालते, पण शब्द निरर्थक असतात!

तिसरी चाळणी झिलईची. मूळ निळसर-काळी झिलई घासून नवी चढविली असेल तर चौकटीच्या धारा गोलावतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, अक्षरे उथळ पडतात आणि गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशीही नवा रंग दिसतो. मूळ झिलई जेथे हात लागतो तेथे, म्हणजे मुठीच्या कडांवर व नळीच्या तोंडाशी, आधी उडते; झीज या क्रमाने नसेल तर कारण शोधावे. निकेलचा मुलामा मात्र केवळ निकेल म्हणून त्याज्य ठरवू नये, कारण कारखान्यातूनही तशी पिस्तुले निघत.

या साऱ्या चाळण्यांतून पार पडलेले पिस्तूलही 'त्या विसांपैकी असू शकेल' एवढ्याच पायरीवर येऊन थांबते. पुढची पायरी अनुक्रमांकाची, आणि तो क्रमांक समकालीन कागदात सापडण्याची. 26 ऑक्टोबर 1909 रोजी हार्बिन येथे आन जुंग-गुन याने इतो हिरोबुमी यांचा वध केला तो 1900 च्याच नमुन्याच्या ब्राउनिंगने. त्याचा क्रमांक 262336 नोंदला गेला, म्हणून मूळ पिस्तूल आज उपलब्ध नसले तरी त्याचे नाव सांगणारे दुसरे पिस्तूल पुढे करता येत नाही.

याहून बोधप्रद प्रकरण इंदूरचे आहे. 17 डिसेंबर 1928 रोजी लाहोर येथे भगतसिंग व खेडचे शिवराम हरी राजगुरू यांनी साँडर्स याचा वध केला. त्यातील भगतसिंगांचे पॉइंट 32 चे कोल्ट पिस्तूल 1969 मध्ये फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून इतर हत्यारांबरोबर सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्रविद्यालयात आले. गंजापासून रक्षण व्हावे म्हणून तेथील हत्यारांवर काळा रंग चढविलेला होता. त्या रंगाखाली क्रमांक झाकला गेला आणि वस्तू डोळ्यांसमोर असूनही अनोळखी राहिली. अलीकडे रंग काढल्यावर 168896 हा अंक दिसला व तो खटल्याच्या कागदपत्रांतील अंकाशी जुळला. 2017 मध्ये ही ओळख सर्वत्र झाली. ज्या रंगाने धातू राखला त्यानेच ओळखही दडविली. तरीही अंक केवळ झाकला गेला होता, घासला गेला नव्हता, हे सुदैव. पॉलिश कागदाने घासलेला अंक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनांच्या साह्याने कधी कधी पुन्हा दिसू शकतो, पण प्रत्येक वेळी नव्हे, आणि त्या प्रयोगात पृष्ठभागाची हानी होतेच.

म्हणून घरी असे हत्यार निघाल्यास विटकर, लिंबू, चिंच किंवा पॉलिश कागद त्याला लावू नये. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी, सर्व शिक्क्यांची व अंकांची तिरप्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत, आणि घरातील हकीकत कोणी, केव्हा, कोणाकडून ऐकली हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. कायद्याचे भानही आवश्यक आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मधील सवलत कालबाह्य, पुरातन मोलाच्या वा नादुरुस्त हत्यारांना असली, तरी दुरुस्ती करून वा न करता ज्याने गोळी झाडता येईल अशा पिस्तुलाला ती लागू होत नाही. 1909 चे सुस्थितीतील ब्राउनिंग शंभर वर्षांहून जुने असले तरी त्यासाठी परवाना लागतोच.