तोंडात धरलेली पिशवी

पावसाळा ओसरल्यावर आंबोलीच्या ओढ्याकाठी रात्री कोळ्यांची मोजदाद चालते, आणि एकमेकांचे सोंग घेतल्यासारख्या दिसणाऱ्या दोन कुळांचा निवाडा तीत बहुधा मादीने आपले ओझे कोठे धरले आहे यावरून होतो, असे एका अभ्यासिकेच्या बोलण्यात आले. तेव्हा तो निवाडा प्रत्यक्ष पाहावा अशी उत्कंठा मला लागली.

दोन्ही कुळांत रंग तोच करडा-तपकिरी, पाय तसेच लांब, आणि जाळ्यात भक्ष्याची वाट पाहत न बसता धावून शिकार करण्याची रीतही तीच. परंतु लांडगा कोळ्याच्या कपाळावर दोन डोळे ठळक मोठे असतात, तर एझेन सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1890 मध्ये स्थापिलेल्या पिसॉरिडी कुळात आठही डोळे जवळजवळ सारखे. लांडगा कोळ्याची मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाशी तंतूंनी जखडून फिरते आणि पुढे पिले पाठीवर घेते. ही दुसरी मात्र पिशवी जबड्यांत धरून, पाय ताठ करून, ती जमिनीला घासू नये अशा बेताने चालते, आणि अंडी फुटण्याच्या सुमारास पाने तंतूंनी सांधून तंबू उभारते व पिले पांगेपर्यंत त्याच्यापाशी पहारा देते.

बत्ती कपाळाला बांधून पुढे चालणारे गृहस्थ तेथलेच, भातशेती करणारे. सारे त्यांना मामा म्हणत. दगडावर मागचे पाय रोवून पुढचे पाण्यावर अलगद टेकवलेली, लहरींवरून भक्ष्याचा सुगावा घेणारी एक मादी त्यांनी भिंगाशिवाय ओळखली. तिच्या शेजारच्या झुडपात दुसरी होती, तोंडात पांढरट पिशवी घेतलेली. मामा तिच्यापाशी, कामाच्या दृष्टीने अंमळ जास्तच वेळ थांबले.

नंतर कुपी उघडली गेली. मद्यार्क सत्तर टक्के, असे अभ्यासिकेने सांगितले. कमी असेल तर देह कुजतो, अधिक असेल तर ठिसूळ होतो, म्हणून सत्तर टक्केच. जात निश्चित करावयाची तर पूर्ण वाढलेल्या मादीच्या पोटाखालील जननांगाची घडण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते, छायाचित्राने भागत नाही, हे तिचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या बिनतोड होते. आणि तरीही त्या उग्र दर्पात उभा असताना, ज्या वात्सल्याच्या आधारे कुळाची ओळख पटली त्याचाच पुरावा म्हणून मातेला अंड्यांसकट बुडवावयाचे, हा व्यवहार मला फारसा सभ्य वाटला नाही. सत्तर टक्क्यांत जबडे सैल पडले आणि पिशवी सुटून कुपीच्या तळाशी गेली.

चिठ्ठीवर स्थळ, तारीख, उंची व संग्राहकाचे नाव एवढाच मजकूर रुजू झाला. मामांनी ती बत्तीपुढे धरून वाचली आणि हरकत घेतली.

"बाई, चिठयेर लिवा, पिशवी तोंडात व्हती."

चिठ्ठीत जागा नाही, असे उत्तर मिळाले. मामांनी कुपी परत दिली नाही. शेवटी अभ्यासिकेने कोरी चिठ्ठी फाडली, न पुसणाऱ्या शाईने ते तीन शब्द लिहिले, कुपीत सोडले, आणि पुढच्या माद्यांसाठी आणखी काही चिठ्ठ्या आधीच कापून ठेवल्या.