व्हिनाइल उचकटण्यापूर्वी

व्हिनाइलची फरशी फुगली, पट्ट्यांचे सांधे उघडले की पहिल्या शिव्या बसतात त्या मिस्त्रीला. कोल्हापुरात पंचगंगेकाठी मात्र संशय आधी जमिनीवर घ्यावा. काळ्या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पावसाळ्यात पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते. जोत्यातला मुरूम नीट ठोकला नसेल, तर कोबा तडकतो आणि काही मिलिमीटरचे व्हिनाइल ती रेघ जशीच्या तशी वर दाखवते.

एक पट्टी उचला. तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवून पावसाळा जाऊ द्या. काच फुटली, तर तडा अजून हलतोय. तड्याची एक कड खाली गेली असेल, तर भराव खचलाय. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात भिजलेल्या घरांत ओलही बघा: कोब्यावर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करा, दिवसभराने खाली दव धरले तर गोंद टिकणार नाही.

थांबलेला तडा इपॉक्सीने भरावा, वर सेल्फ-लेव्हलिंगचा थर द्यावा, क्लिकच्या पट्ट्यांना भिंतीलगत फट ठेवावी. हलत्या तड्यावर हाच खर्च म्हणजे पैसे पाण्यात. तिथे आधी गळका पाइप आणि अंगणाचा उतार दुरुस्त करा.