बटाट्यावरील करपा : फवारणी रोगापूर्वीच हवी

बंगळूरच्या हेब्बाळ येथे १९६४ साली सुरू झालेल्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हासनच्या बटाट्यावरील उशिरा येणाऱ्या करप्याचा अभ्यास केला आहे. पुण्याच्या सातगाव पठाराप्रमाणे तेथेही बटाटा खरिपात घेतात. गार, दमट हवेत हा रोग काही दिवसांत संपूर्ण पीक नष्ट करू शकतो.

मॅन्कोझेब हे प्रतिबंधक बुरशीनाशक पानात शिरत नाही. पृष्ठभागावर राहून बीजाणूंचे अंकुरण रोखते. त्यामुळे डाग दिसल्यानंतर केवळ त्यावर विसंबून चालत नाही. लिटरभर पाण्यात २ ते २.५ ग्रॅम मिसळून पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे. पावसाने थर धुऊन जातो, नवी पाने असंरक्षित राहतात. म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा फवारणी करावी.