नव्वदच्या दशकातील पुणे विद्यापीठ परिसर आणि रात्रीची मैफल

विद्यापीठीय संगीतशिक्षणाचा विचार करताना अभ्यासक्रम व परीक्षा यांची चर्चा विपुल होते. श्रवणाची मात्र क्वचितच. वास्तविक ख्यालगायनासारखी कला कानांनीच आत्मसात होते. या दृष्टीने १९९० ते २००० या कालखंडातील पुणे परिसराची स्थिती लक्षणीय आहे.

पुणे विद्यापीठाने (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) १९८७ मध्ये ललित कला केंद्र स्थापन केले. संगीत, नृत्य व नाट्य या कलांचे पदवी शिक्षण गुरुकुल पद्धतीने द्यावयाचे, ही त्यामागील भूमिका होती. १९९६ पासून नाटककार सतीश आळेकर यांनी केंद्राची धुरा सांभाळली. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष कलावंत गुरूकडे शिकावे, ही तरतूद वर्गाच्या चार भिंतींची मर्यादा मान्य करणारी होती. अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांना फिरोदिया करंडकासारख्या बहुकलास्पर्धांनी व्यासपीठ दिले. अभियांत्रिकीचे विद्यार्थी तेथे तबला-पेटी घेऊन उतरत, ही गोष्ट आनुषंगिक असली तरी नोंदविण्याजोगी आहे.

तथापि खरी श्रवणशाळा विद्यापीठाबाहेर होती. पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव या दशकात रमणबागेच्या मैदानावर डिसेंबरच्या थंडीत रात्रभर चाले. भारतीय बैठकीचे तिकीट खुर्चीपेक्षा स्वस्त असल्याने विद्यार्थ्यांना ते परवडे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी येथील कामगार वसाहतींतून येणाऱ्या श्रोत्याला तर रात्रभराची मैफल अधिक सोयीची असावी. मध्यरात्री संपणाऱ्या कार्यक्रमातून घरी परतणे दुष्कर. पहाटे संपणाऱ्या कार्यक्रमातून लोकलने परतता येई.

या सोयीपेक्षा संगीतशास्त्रीय लाभ मोठा होता. रागसमयाच्या परंपरेनुसार दिवसाचे आठ प्रहर मानले जातात. दरबारी कानडा मध्यरात्रीचा, मालकंस त्यानंतरचा, ललत पहाटेचा. एकाच बैठकीत हे राग आपापल्या वेळी ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला समयसिद्धांत पाठ करावा लागत नसे. ललताचे दोन मध्यम उजाडण्यापूर्वीच्या शांततेत ऐकणे आणि दुपारी दोनच्या तासिकेत फळ्यावर लिहून घेणे, यांतील अंतर कोणताही प्राध्यापक जाणतो.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे निर्बंध उचलून धरले. वर्षातील मर्यादित दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. परंतु मध्यरात्रीनंतरचे प्रहर खुल्या मैफलीतून गेले ते गेलेच. महोत्सवाने सत्रे सायंकाळकडे सरकवली. मारवा, पूरिया, यमन यांना भरपूर अवकाश लाभला. मालकंस मात्र घड्याळाच्या विरोधात गावा लागला.

नियम अनाठायी होता असे म्हणता येत नाही. रुग्ण, वृद्ध आणि परीक्षार्थी यांचा झोपेचा हक्क कोणत्याही रागाहून कमी नाही. शिवाय बंदिस्त सभागृहांना नियमात सूट आहे. पिंपरीतील आचार्य अत्रे रंगमंदिर किंवा चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह येथे रात्रभर गाण्यास या नियमाची आडकाठी नाही. अडचण येते ती भाड्याची आणि मोजक्या आसनांची. विद्यापीठांकडे मात्र स्वतःची सभागृहे आहेत. वर्षातून एक रात्र ती विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवल्यास अभ्यासक्रमपत्रिकेतील 'रागसमय' या घटकाचे प्रात्यक्षिक ध्वनिक्षेपकाविनाही घेता येईल.